अंग बाहेर येणे आणि पिशवी काढणे: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गर्भाशय, मूत्राशय किंवा गुदाशय यांना तोलून धरणारे ओटीपोटातले स्नायू आणि बंध सैल पडले की ते अवयव योनिमार्गात उतरतात. यालाच अंग बाहेर येणे म्हणतात. बाळंतपणात या बंधांना ताण बसतो. पुढे जुना खोकला, बद्धकोष्ठता, पाळी गेल्यानंतरची झीज आणि जड ओझी यांची भर पडते. रायगड जिल्ह्यातल्या गडब, पेण, रोहा या भातशेतीच्या पट्ट्यात भारे वाहणाऱ्या बायकांना हे ओझे वेगळे सांगायला नको.

यावरचा सर्वांत हट्टी गैरसमज असा की, अंग बाहेर आले म्हणजे पिशवी (गर्भाशय) काढायची, आणि पिशवी काढली की त्रास संपला. दोन्ही गोष्टी चूक आहेत. दोष आधाराचा असतो. गर्भाशय फक्त त्याच्याबरोबर खाली येते. आधार न बांधता नुसती पिशवी काढली, तर पुढे योनीचा माथाच खाली उतरू शकतो. गर्भाशय राखून आधार देण्याची शस्त्रक्रिया परदेशातून आलेली नवलाई नाही. मुंबईत डॉ. वि. ना. शिरोडकर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावरच गर्भाशयाचे तोंड पट्टीने मागच्या त्रिकास्थीला बांधण्याची पद्धत रूढ केली. पुरंदरे यांच्या नावाच्या पद्धतीत ते पोटाच्या पुढच्या आवरणाला टांगतात. एवढे असूनही पिशवी काढण्याचा सल्ला किती सहज दिला जातो! बीड जिल्ह्यातल्या २०१९च्या सरकारी पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यांची कारणे वेगवेगळी असतील, पण हा आकडा अस्वस्थ करणारा आहे.

दुसरा समज असा की, दुर्बिणीने ऑपरेशन केले की नसा आपोआप वाचतात. लघवी आणि शौचावर ताबा ठेवणाऱ्या बारीक नसा त्रिकास्थीच्या पुढून आणि गर्भाशयाच्या मागच्या बंधांलगत जातात. त्या कापल्या किंवा भाजल्या गेल्या तर लघवी तुंबते, बद्धकोष्ठता जडते. दुर्बिणीत त्या मोठ्या दिसतात, एवढाच फायदा; त्या ओळखून बाजूला ठेवणे शल्यविशारदाच्या हातात असते. छेद लहान असल्याने दुखणे आणि रुग्णालयातला मुक्काम मात्र कमी होतो.

आधारासाठी बसवलेली कृत्रिम जाळी म्हणजे धोका, हेही अर्धसत्यच. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०१९मध्ये विक्री थांबवली ती या त्रासासाठी योनिमार्गातून बसवायच्या जाळ्यांची. पोटातून बसवायच्या जाळीला तो आदेश लागू नव्हता.

सिझेरियनने धोका घटतो, पण टळत नाही. अंग बाहेर येणे म्हणजे कर्करोग नव्हे. हा त्रास फक्त म्हातारपणी होतो असेही नाही. आणि प्रत्येकीला ऑपरेशन लागतेच असे नाही: सुरुवातीच्या अवस्थेत ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम उपयोगी पडतात, आणि पुढच्या टप्प्यातही अनेकींचे योनिमार्गात बसवायच्या आधाराच्या रिंगवर भागते.

लघवी अडली किंवा बाहेर आलेला भाग आत जाईनासा झाला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. एरवी ऑपरेशनच्या कागदावर सही करण्याआधी प्रत्येक बाईने डॉक्टरांना दोन प्रश्न विचारावेत: पिशवी राखता येईल का, आणि आधार कशाने बांधणार?