दिवसा हिरवे, दिव्याखाली लाल

रत्नाचा रंग रत्नातच असतो, असे आपण धरून चालतो. अलेक्झांड्राइट हा समज खोटा ठरवते. १८३० च्या दशकात रशियातील उरल पर्वतात सापडलेले हे रत्न उन्हात हिरवे, तर मेणबत्तीच्या प्रकाशात लाल दिसते.

लसण्या ज्या क्रिसोबेरिल खनिजाचा, त्याचाच हा प्रकार. बेरिलियम, ॲल्युमिनियम व ऑक्सिजन हे त्याचे घटक. मात्र ॲल्युमिनियमच्या काही अणूंची जागा क्रोमियमने घेतलेली असते. हे क्रोमियम पिवळा प्रकाश शोषते. हिरवा व तांबडा प्रकाश पार जातो. उन्हात हिरव्याची सरशी होते, मेणबत्तीच्या तांबूस उजेडात तांबड्याची.

बेरिलियम मुख्यतः ग्रॅनाइटी खडकांत, तर क्रोमियम सिलिका कमी असलेल्या खडकांत आढळते. दोघांची गाठ क्वचितच पडते, म्हणून हे रत्न दुर्मिळ. प्रयोगशाळेत ती गाठ घालता येते. असे स्फटिकही रंग बदलतात, पण पुष्कळ स्वस्त असतात. नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. सूक्ष्मदर्शकातून आतील खुणा तपासाव्या लागतात.

रचना एक, मग किमती दोन का? हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा. गुणधर्म आणि दुर्मिळता या वेगळ्या गोष्टी आहेत, हे विद्यार्थ्यांना त्यातून उमगेल.