स्वस्ताई होती, पण पर्स कुणाची?

‘आमच्या वेळी सोनं शंभर रुपये तोळा होतं,’ हे वाक्य ऐकलं नाही असं घर आपल्याकडे सापडायचं नाही. बाजारातून पिशवी घरात आली, भाजीचा भाव कळला की घरातलं वडीलधारं माणूस हा विषय काढतंच. गंमत म्हणजे डॉलरच्या देशातल्या आजी-आजोबांचंही असंच चालतं! त्यांची ‘आमची वेळ’ म्हणजे साधारण १९५० ते १९६० ची. दुसरं महायुद्ध संपलेलं, सैनिक घरी परतलेले, कारखाने जोरात, घराघरात पाळणे हललेले. त्या काळाच्या आठवणी तिथे आजही फार कौतुकाने सांगितल्या जातात.

आणि भाव ऐकले तर आपल्यालाही हेवा वाटावा. १९५५ साली मॅकडोनाल्डमध्ये हॅम्बर्गर मिळायचं १५ सेंटला. कोकाकोलाची छोटी बाटली पाच सेंटला. पत्राला तिकीट तीन सेंटचं. पेट्रोल लिटरमागे जेमतेम आठ सेंट. त्याच वर्षी जुलैमध्ये कॅलिफोर्नियात डिस्नेलँड सुरू झालं, तिथे मोठ्या माणसाला आत जायला एक डॉलर. (आतले पाळणे आणि गाड्या यांचे पैसे मात्र वेगळे, आपल्या जत्रेसारखेच!) तेव्हा डॉलर होता पावणेपाच रुपयांना. म्हणजे ते हॅम्बर्गर आपल्या हिशेबाने अकरा-साडेअकरा आण्यांचं.

पण मैत्रिणींनो, भाव कधी एकटा बघायचा नसतो. शेजारी मजुरी मांडायची असते. बचत गटाच्या बैठकीत आम्ही हेच सांगतो, की वस्तू किती रुपयांना पडली ते विचारू नका, किती तासांच्या कामाला पडली ते विचारा. हाच हिशेब अमेरिकेला लावून बघू या.

१९५५ साली तिथे कायद्याने ठरलेलं किमान वेतन होतं तासाला ७५ सेंट. १९५६ च्या मार्चपासून ते एक डॉलर झालं. घरपोच येणारं जवळपास दोन लिटर दूध ४६ सेंटला होतं. डझनभर अंडी साधारण ६१ सेंटला आणि पाऊंडभर कॉफी ९३ सेंटला. म्हणजे किमान वेतनावरच्या माणसाला दुधासाठी ३७ मिनिटं, अंड्यांसाठी पाऊण तासाच्या वर आणि कॉफीसाठी तर सव्वा तास राबावं लागायचं. आता सांगा, स्वस्ताई कुठे आहे? कारखान्यातल्या पक्क्या कामगाराला याच्या दुपटीहून जास्त पगार होता, त्याला हे परवडायचं. आणि जी बाई दुसऱ्याच्या घरी धुणं-भांडी, स्वयंपाक करायची, तिला तर हा किमान वेतनाचा कायदाच लागू नव्हता! घरकामगारांना तो १९७४ साली लागू झाला. तोवर मालकीण देईल तो पगार.

धान्य मात्र तिथे खरंच उतू चाललं होतं. इतकं, की ते ठेवायचं कुठे हा सरकारला प्रश्न पडला. १९५४ साली त्यांनी जादा धान्य बाहेरच्या देशांना द्यायचा कायदा केला, तोच आपल्याकडे ‘पीएल ४८०’ म्हणून ओळखला गेला. १९५६ साली भारताशी करार झाला आणि अमेरिकेचा गहू आपल्या रेशनच्या दुकानांत येऊ लागला. तो लालसर गहू आणि पुढे आलेला मिलो यांच्या भाकरी-चपात्या ज्यांनी थापल्या-लाटल्या, त्या आज्यांना विचारून बघा. चवीबद्दल त्या काय म्हणतात ते इथे छापता येणार नाही!

असो. तिथल्या मध्यमवर्गाचं स्वप्न म्हणजे स्वतःचं घर. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर १९४७ पासून ‘लेव्हिटटाऊन’ नावाची वसाहत उभी राहू लागली. एकासारखं एक घर, अशी सतरा हजारांवर घरं! १९४९ साली घराची किंमत ७,९९० डॉलर, कपडे धुण्याचं मशीन त्यातच. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना सरकारी हमीवर कर्ज मिळे. १९५५ च्या सुमारास मधल्या फळीतल्या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ४,४०० डॉलरच्या आसपास होतं, म्हणजे दोन वर्षांच्या कमाईत घर. आज आपल्या तालुक्याच्या गावीही हा हिशेब जमत नाही.

पण त्या घराच्या करारात एक अट होती. गोऱ्यांशिवाय दुसऱ्या कुणी तिथे राहायचं नाही. पुढे कोर्टामुळे अशा अटी काढाव्या लागल्या, पण वागणं बदललं नाही. १९५७ च्या ऑगस्टमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या दुसऱ्या लेव्हिटटाऊनमध्ये विल्यम आणि डेझी मायर्स हे कृष्णवर्णीय जोडपं लहान मुलांना घेऊन राहायला आलं, तर घरासमोर जमाव जमला, दगडफेक झाली. तरी ते कुटुंब तिथेच राहिलं. काही शेजाऱ्यांनी साथही दिली. शेजारधर्म पाळणारी माणसं सगळीकडे असतात, ती थोडी असतात एवढंच.

आता त्या घराच्या आत डोकावू. फ्रिज आला, मशीन आलं, व्हॅक्यूम क्लीनर आला. मग बाईचं काम कमी झालं असेल ना? मुळीच नाही! तिथल्या अभ्यासकांनी नंतर जुन्या नोंदी तपासल्या. पूर्णवेळ गृहिणी १९२० च्या दशकात आठवड्याला सुमारे ५२ तास घरकाम करत होत्या, आणि १९६० च्या दशकात ५५ तास. मशीन आलं म्हणून धोबी बंद झाला आणि कपडे रोजच्या रोज धुवायची सवय लागली. गाडी आली म्हणून मुलांना सोडणं-आणणं आईकडे आलं. आपल्या मिक्सरची आणि गॅसची गोष्ट याहून वेगळी आहे का? पाटा-वरवंटा गेला खरा, पण त्याऐवजी चार पदार्थ जास्तीचे पानात आले.

दुपारी कामं आवरून ही गृहिणी काय करायची, ते ओळखा बघू! बरोबर, सिरीयल बघायची. १९५० साली तिथे शंभरातल्या फक्त नऊ घरांत टीव्ही होता, १९६० साली तो सत्त्याऐंशी घरांत पोचला. या दुपारच्या मालिकांना ‘सोप ऑपेरा’ म्हणतात, कारण त्यांचा खर्च साबणाच्या कंपन्या करायच्या. ‘गायडिंग लाइट’ ही मालिका १९३७ साली रेडिओवर सुरू झाली, १९५२ साली टीव्हीवर आली आणि २००९ साली संपली. बहात्तर वर्षं! आपल्या मालिका लांबतात म्हणून तक्रार करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. रंगीत टीव्ही १९५४ साली आला तो हजार डॉलरला, म्हणजे बेताच्या कुटुंबाची जवळजवळ पावणेतीन महिन्यांची कमाई. त्यामुळे लोक बरीच वर्षं काळ्या-पांढऱ्यावरच खूश होते.

सगळ्यांची लाडकी मालिका होती ‘आय लव्ह लुसी’. ल्युसिल बॉल ही नटी खरोखरच गरोदर होती आणि मालिकेतही तिला तसंच दाखवलं. पण ‘गरोदर’ हा शब्द उच्चारायला परवानगी नव्हती! संवाद आधी धर्मगुरूंकडून तपासून घेतले जात. १९ जानेवारी १९५३ ला मालिकेत बाळ झालं, त्याच दिवशी तिला खरंही बाळ झालं, आणि ते बघायला सुमारे साडेचार कोटी लोक टीव्हीपुढे बसले. दुसऱ्या दिवशी नवे अध्यक्ष आयसेनहॉवर यांचा शपथविधी झाला, तो बघणारे त्याहून बरेच कमी होते.

बातम्यांचं म्हणाल तर त्या हसण्यामागे भीती होती. कोरियाचं युद्ध, रशियाशी वैर, अणुबॉम्बची धास्ती. शाळेत मुलांना बाकाखाली लपायचा सराव करायला लावत. आणि गृहिणींना काय सांगितलं? तर सात दिवस पुरेल एवढं खाणं-पाणी साठवून ठेवा. या मोहिमेला नाव दिलं ‘आजीचं कोठीघर’! बॉम्ब पडला तरी रांधायची जबाबदारी बाईचीच.

दुसरी भीती पोलिओची. १९५२ साली तिथे सत्तावन्न हजारांवर लोकांना पोलिओ झाला, त्यात मुलंच जास्त. उन्हाळ्यात आया मुलांना पोहायला सोडत नसत. पण या बाबतीत बाया नुसत्या घाबरून बसल्या नाहीत. १९५० च्या जानेवारीत फिनिक्स शहरात आयांनी एका संध्याकाळी घरोघरी फिरून वर्गणी गोळा केली. ज्यांना मदत द्यायची त्यांनी व्हरांड्यातला दिवा लावून ठेवायचा, एवढीच खूण. मग ही पद्धत देशभर गेली. दहा-दहा सेंटच्या नाण्यांनी जमलेल्या अशा पैशांतून डॉ. जोनास साल्क यांच्या संशोधनाला बळ मिळालं आणि १२ एप्रिल १९५५ ला लस यशस्वी झाल्याची बातमी आली. चर्चच्या घंटा वाजल्या, लोक रस्त्यात रडले. पोलिओच्या रविवारी बूथवर बसलेल्या आपल्या अंगणवाडी ताई आणि आशा ताई या त्यांच्याच बहिणी म्हणायच्या. भारतातला शेवटचा रुग्ण २०११ साली सापडला आणि २०१४ साली आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला, तो अशाच पायपिटीमुळे.

आता कमाईकडे येऊ. तिथे निम्म्या मुलींची लग्नं विशीच्या आसपास होऊन जात. बाईने घर सांभाळावं हेच मासिकं आणि जाहिराती सांगत. तरी हातात चार पैसे हवेत असं प्रत्येकीला वाटतंच. प्लास्टिकच्या हवाबंद डब्यांना दुकानात गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा ब्राऊनी वाइज या घटस्फोटित, एकट्याने मुलगा वाढवणाऱ्या बाईने ते घरगुती हळदीकुंकवासारखा मेळावा भरवून विकून दाखवले. ती टपरवेअरची उपाध्यक्ष झाली, १९५१ पासून सगळी विक्री तिच्याच पद्धतीने होऊ लागली. १९५४ साली ‘बिझनेस वीक’च्या मुखपृष्ठावर झळकणारी ती पहिली स्त्री. हजारो गृहिणींना तिने स्वतःची कमाई दिली. आणि १९५८ च्या जानेवारीत मालकाने तिलाच काढून टाकलं! तिच्या नावावर कंपनीचा एकही शेअर नव्हता. एक वर्षाचा पगार हातात घेऊन तिला बाहेर पडावं लागलं. कर्तृत्व तिचं, कागद दुसऱ्याच्या नावावर.

याच काळात दक्षिणेतल्या मॉन्टगोमेरी गावात दुसरीच कमाई चालू होती. १ डिसेंबर १९५५ ला रोझा पार्क्स या शिवणकाम करणाऱ्या बाईने बसमधली जागा गोऱ्या माणसासाठी सोडायला नकार दिला, तिला अटक झाली. जो ॲन रॉबिन्सन या शिक्षिकेने रातोरात हजारो पत्रकं छापली आणि कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार घातला. तो ३८१ दिवस चालला. धुणं-भांडी करणाऱ्या बाया मैलोन्‌मैल चालत कामाला गेल्या. जॉर्जिया गिलमोर ही सहा मुलांची आई एका हॉटेलात स्वयंपाकीण होती. तिने बायकांना जमवलं, तळलेली कोंबडी, केक, पाय असे पदार्थ करून विकले आणि पैसे आंदोलनाच्या गाड्यांसाठी दिले. गटाचं नाव ‘कुठलाच नाही असा क्लब’! पैसे कुठून आले असं कुणी विचारलं तर ‘कुठूनच नाही’ म्हणायचं, म्हणजे कुणा बाईची नोकरी जायला नको. कोर्टात साक्ष दिल्यावर तिची स्वतःची नोकरी मात्र गेलीच. मग तिने घरीच खानावळ सुरू केली आणि डॉ. मार्टिन ल्यूथर किंगही तिथे जेवायला येत. हेच डॉ. किंग १९५९ साली गांधीजींचा देश बघायला भारतात आले, मुंबईच्या मणिभवनालाही त्यांनी भेट दिली.

आणि ज्या गृहिणीकडे सगळं होतं, घर, गाडी, फ्रिज, टीव्ही, ती तरी सुखी होती का? १९५७ साली बेटी फ्रीडन यांनी आपल्या कॉलेजच्या मैत्रिणींना प्रश्नावली पाठवून हेच विचारलं. उत्तरांत इतकी उदासी आली की त्यातून १९६३ साली ‘द फेमिनिन मिस्टिक’ हे गाजलेलं पुस्तक झालं. समान कामाला समान वेतनाचा कायदा त्याच वर्षीचा. कर्ज किंवा क्रेडिट कार्ड मागायला गेलं की बँका नवऱ्याची सही मागत, बायकोचा पगार कर्जाच्या हिशेबात पूर्ण धरत नसत. त्याला कायद्याने बंदी आली ती १९७४ साली.

म्हणून मला वाटतं, जुने भाव ऐकताना दोन प्रश्न विचारावेत. ते कुणाला परवडत होते? आणि पैसे मोजणारा हात कुणाचा होता? हेच प्रश्न आपल्या घरालाही लावून बघा. बँकेत तुमच्या एकटीच्या नावाचं खातं आहे का आणि ते तुम्ही स्वतः चालवता का? घराच्या कागदावर तुमचं नाव आहे का? विम्याची, ठेवीची पावती कुठे आहे हे ठाऊक आहे का? नसेल तर या आठवड्यात दुपारची एक मालिका बुडवा, आधारकार्ड, दोन फोटो घ्या आणि बँकेत जा. सोबत शेजारणीलाही न्या, म्हणजे रांगेत गप्पाही होतील आणि दोघींची खाती एकदम उघडतील.