हंसाबाईंनी सांगितलं, अरुण साधूंनी लिहिलं

सोलापूरहून पुण्याकडे येताना भीमा ओलांडली की इंदापूर लागतं. तिथून एक रस्ता बारामतीला जातो. कऱ्हेकाठच्या या गावी मोरोपंतांनी आर्या रचल्या आणि १७९४ मध्ये इथेच देह ठेवला. सोलापूरचे शाहीर रामजोशी पंतांना फार मानत, असं परंपरा सांगते. शास्त्र शिकलेला हा ब्राह्मण तमाशाच्या फडात उभा राहिला आणि पुढे कीर्तनातून पंतांच्या आर्याही गाऊ लागला. पोथी आणि लावणी यांची अशी सोयरीक या मुलखानं पाहिली आहे. १९४७ साली ‘लोकशाहीर रामजोशी’ हा चित्रपट आला. त्यात रामजोशी झाले जयराम शिलेदार आणि फडावरची नर्तकी झाल्या हंसा वाडकर. पुढे या बाईंनीही बोललेला शब्द छापील पुस्तकात नेला.

मूळ नाव रतन साळगावकर. घरचं नाव सिनेमात नको म्हणून त्या वाडकर झाल्या. १९३६च्या ‘विजयाची लग्ने’मध्ये पहिल्यांदा पडद्यावर आल्या, तेव्हा त्या अजून शाळकरी वयात होत्या. बॉम्बे टॉकीजमध्ये ‘नवजीवन’ केला. प्रभातमध्ये ‘संत सखू’ (१९४१) आणि ‘रामशास्त्री’ (१९४४) केले. ‘पुढचं पाऊल’मध्ये (१९५०) पु. ल. देशपांडे त्यांच्यासोबत होते. सोशिक संत सखू आणि बोर्डावरची ठसकेबाज नाचणारी, ही दोन टोकं एकाच नटीनं सांभाळली.

१९५९ मध्ये अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात तो १३१ आठवडे चालला. गावच्या पाटलानं केलेला अन्याय तमाशाच्या बोर्डावरून, भर गर्दीत चव्हाट्यावर येतो, हा त्या कथेचा कणा. हंसाबाईंनी पुढे आत्मकथनाला हेच नाव दिलं, ते योग्यच झालं. तेही भर सभेत सांगणंच होतं.

हे आत्मकथन त्यांनी पत्रकार-लेखक अरुण साधू यांना सांगितलं. श्री. ग. माजगावकरांच्या ‘माणूस’ साप्ताहिकातून ते वाचकांपुढे आलं आणि १९७० साली राजहंस प्रकाशनानं पुस्तक काढलं. नुसतं शीर्षक पाहा. व्याकरणाच्या पुस्तकात ‘सांगते’ असतं, ‘सांगत्ये’ बायकांच्या बोलण्यात असतं. त्या एका ‘त्ये’मध्ये समोर बसून बोलणारी बाई ऐकू येते. साधूंनी हा सूर पुसला नाही, हे त्यांचं मोठं काम.

आणि त्या काय सांगतात? कोवळ्या वयात अंगावर पडलेली घरची कमाई. जिच्या पैशावर घर चालतं, तिच्यावरच घेतला जाणारा संशय. दारू. मुलीपासूनची ताटातूट. मराठवाड्यातल्या एका खेड्यात कोंडल्यासारखे काढलेले दिवस. विशेष म्हणजे त्या स्वतःचे निर्णयही झाकत नाहीत. दोष वाटून टाकायचा आणि आपण नामानिराळं व्हायचं, ही आत्मचरित्रांची जुनी खोड इथे नाही.

सिनेमातल्या बाईनं लेखणी धरणं नवं नव्हतं. शांता आपटे यांचं ‘जाऊ मी सिनेमात?’ १९४० सालचं. लीला चिटणीस यांचं ‘चंदेरी दुनियेत’ आणि दुर्गा खोटे यांचं ‘मी, दुर्गा खोटे’ ही पुस्तकं मात्र हंसाबाईंच्या नंतरची, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीची. या दोघी शिकलेल्या, हातात लेखणी असलेल्या. हंसाबाईंचं शिक्षण फारसं झालं नव्हतं. त्यांच्याजवळ होती ती जीभ आणि धीर. तेवढ्यावर त्यांनी मराठी आत्मकथनात स्वतःची जागा केली.

१९७७ मध्ये श्याम बेनेगलांनी या पुस्तकाच्या आधारे ‘भूमिका’ केला आणि स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०१३ मध्ये पुस्तकाचा इंग्रजी अनुवादही झाला. तरी पुष्कळ मराठी वाचक ‘भूमिका’ पाहून थांबतात, मूळ पुस्तकापर्यंत जात नाहीत. त्यांना एवढंच सांगणं आहे : ‘सांगत्ये ऐका’ मिळवा आणि दोन-चार पानं तरी मोठ्यानं वाचा. ते पुस्तक मुळात ऐकण्यासाठीच सांगितलेलं आहे.