दुधाचा ठिपका

नुकत्याच जन्मलेल्या उंदराच्या पिलाची कातडी इतकी पातळ असते, की त्यानं प्यायलेलं दूध बाहेरून दिसतं. पोटाच्या डाव्या बाजूला एक पांढरा ठिपका. चेहऱ्यातल्या जन्मजात व्यंगांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत सकाळी पिंजरा उघडला, की नजर आधी तो ठिपका शोधते. दिसला, तर पिलू आईला लुचतंय. ठिपका नाही आणि पोट हवेनं फुगलेलं, असं असेल तर पहिला संशय टाळूवर. टाळूला फट असली की पिलाला दूध ओढता येत नाही. ते हवाच गिळत राहतं आणि दिवसभरात मरतं.

माणसाचं बाळ वाचतं. जगभरात साधारण सातशे जन्मांमागे एक बाळ दुभंगलेला ओठ किंवा टाळू घेऊन येतं आणि शस्त्रक्रियेनं पुष्कळ काही सुधारतं. मात्र ‘असं का झालं?’ या प्रश्नाला टाके घालता येत नाहीत. आपल्याकडे त्याचं उत्तर पिढ्यानपिढ्या तयार असतं: ग्रहणात बाईनं विळीवर काहीतरी चिरलं असणार. आरोपी घरातच सापडते. उंदरांनी हा तपास नव्यानं केला आणि त्याला सुरुवात झाली ती मॉन्ट्रियलमध्ये.

१९५१ साली तिथल्या मॅकगिल विद्यापीठात क्लार्क फ्रेझर आणि थिओडोर फेनस्टॅट यांनी गाभण उंदरांना कॉर्टिझोन टोचलं. दोन वाणांच्या माद्या होत्या: ‘ए’ नावाचं पांढरं वाण आणि ‘सी ५७ ब्लॅक’ हे काळं. औषध एकच. तरीही पांढऱ्या वाणाच्या जवळजवळ सगळ्या पिलांची टाळू दुभंगली, काळ्या वाणाच्या मात्र थोड्याच पिलांची. म्हणजे दोष नुसत्या औषधाचा नव्हता आणि नुसत्या रक्ताचाही नव्हता.

याचं कारण १९५६ मध्ये फ्रेझर आणि ब्रूस वॉकर यांनी दाखवलं, आणि ते फार देखणं आहे. टाळू सुरुवातीला आडवी नसतेच. जिभेच्या दोन्ही बाजूंना दोन फळ्या उभ्या लोंबत असतात. उंदराच्या गर्भात चौदाव्या-पंधराव्या दिवशी जीभ खाली सरकते, फळ्या वर उचलल्या जाऊन आडव्या होतात, मधोमध भेटतात आणि सांधल्या जातात. पांढऱ्या वाणात ही उचल मुळातच काळ्या वाणापेक्षा उशिरा होते. एवढ्या वेळात डोकं रुंदावत असतं. कॉर्टिझोननं त्यात आणखी थोडा उशीर घातला, की फळ्या वर येतात खऱ्या, पण एकमेकींपर्यंत पोचत नाहीत. व्यंग म्हणजे काहीतरी ‘बिघडणं’ असं आपण समजतो. इथे नुसती वेळ चुकली होती.

असा हिशेब उंदरातच का जमतो? उंदराची गर्भावस्था एकोणीस-वीस दिवसांची. माणसाचा चेहरा गर्भाच्या चौथ्या ते बाराव्या आठवड्यात घडतो, तोही कुणाला पाहता येणार नाही अशा जागी. उंदरात दिवस मोजायची रीत साधी आहे. रात्री नर-मादी एकत्र ठेवायचे आणि सकाळी मादी उचलून योनीमार्गात नराच्या स्रावाची घट्ट गुठळी दिसते का ते पाहायचं. दिसली, की त्या दुपारी गर्भ अर्ध्या दिवसाचा धरायचा. पुढे ठरल्या दिवशी गर्भ काढून रंगवले जातात: हाडं अलिझरिननं लाल, कूर्चा अल्शियननं निळ्या, बाकीचं मांस रसायनानं पारदर्शक. काचेच्या बाटलीत लाल-निळी कवटी तरंगताना दिसते. आता सूक्ष्म सीटी स्कॅन आहेत. पण त्या बाटलीची मजा पडद्यावर नाही.

आणि वाण शुद्ध हवं. मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रॅनबी गावात ॲबी लॅथ्रॉप ही बाई हौशी लोकांसाठी रंगीबेरंगी उंदीर पाळून विकायची. तिच्याकडच्या उंदरांपासून क्लॅरेन्स कुक लिटल यांनी १९२१ मध्ये भावंडांचेच जोडे लावत ते काळं वाण तयार केलं. १९२९ मध्ये त्यांनी मेन राज्यातल्या बार हार्बरला जॅक्सन प्रयोगशाळा काढली. १९४७ च्या वणव्यात ती जळाली, उंदरांसकट. पण तिथून पूर्वी ज्यांच्याकडे उंदीर गेले होते, त्या प्रयोगशाळांनी त्याच वाणांच्या जोड्या परत पाठवल्या. उसनं दिलेलं विरजण अशा वेळी कामाला येतं!

पुढे ठरवून एखादं जनुक बंद पाडायची युक्ती सापडली. त्यासाठी कापेकी, इव्हान्स आणि स्मिथीज यांना २००७ चं नोबेल मिळालं. त्याआधीच, १९९५ मध्ये, टीजीएफ-बीटा-३ हे जनुक बंद केलेल्या पिलांच्या टाळूला फट पडलेली दिसली होती.

या सगळ्यात मन गुंतवणारी कथा ट्रेचर कॉलिन्स सिंड्रोमची. साधारण पन्नास हजारांत एका बाळाला तो होतो: गालाची हाडं अपुरी, जबडा लहान, डोळ्यांचे बाहेरचे कोपरे उतरलेले, कान अर्धवट. बहुतेकांमध्ये दोष असतो तो ‘टीकॉफ-१’ या जनुकात. ते १९९६ मध्ये सापडलं. चेहऱ्याची बहुतेक हाडं ‘न्यूरल क्रेस्ट’ नावाच्या फिरस्त्या पेशींपासून होतात. त्या मेंदूच्या कडेला जन्मतात आणि चालत चेहऱ्याच्या जागी येतात. या पेशी वाट चुकत असाव्यात, अशी एक अटकळ होती. मँचेस्टरचे डिक्सन दांपत्य आणि अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीमधल्या स्टोवर्स संस्थेचे पॉल ट्रेनर यांच्या उंदरांनी २००६ मध्ये ती खोटी ठरवली. पेशी वाट बरोबर धरतात; निघतातच कमी. या जनुकाची एक प्रत निकामी झाली, की पेशीत प्रथिनं बनवणारे रायबोसोम अपुरे पडतात आणि ‘पी-५३’ हा पहारेकरी त्या पेशींना मरायला लावतो. २००८ मध्ये याच गटानं त्या पहारेकऱ्याला आवरलं, आणि पिलांचे चेहरे नीट घडले. जनुकातला दोष जिथल्या तिथेच होता.

इथेही वाण आडवं येतंच. हाच दोष एका वाणाच्या पिलांना जन्मताच मारतो, तर डीबीए वाणाचे उंदीर तोच दोष घेऊन सुखानं पिलं घालतात.

अर्थात उंदीर म्हणजे छोटा माणूस नव्हे. आयआरएफ-६ या जनुकाची एकच प्रत बिघडली, तर माणसाच्या खालच्या ओठावर खळगे पडतात, ओठ किंवा टाळू दुभंगू शकते. उंदराला एक प्रत बिघडल्यानं तसं काही होत नाही; दोन्ही बिघडल्या, की कातडीच चिकटून पिलू जन्मताच मरतं. शिवाय ओठ दुभंगणं माणसात नेहमीचं, उंदरात विरळ. म्हणून व्हँकुव्हरमध्ये डायना ज्युरिलॉफ यांनी ‘ए’ वाणाच्या एका शाखेवर अनेक वर्षं काढली, कारण तिथे काही पिलांचा ओठ आपणहून दुभंगतो. त्यामागचं जनुक सापडलं, तेव्हा ते धडधाकटच निघालं. त्याच्या शेजारी डीएनएचा एक उपरा तुकडा येऊन बसला होता.

पी-५३ ला आवरण्याची युक्ती दवाखान्यात मात्र आलेली नाही. हा पहारेकरी एरवी कर्करोग अडवतो. गर्भवतीच्या शरीरात त्याला झोपवायचं कुणी? शिवाय ट्रेचर कॉलिन्सच्या सुमारे साठ टक्के रुग्णांत बदल नव्यानंच झालेला असतो, आई-बापात तो नसतो, म्हणजे आधी इशारा मिळायची सोय नाही. न्यूरल क्रेस्ट पेशी निघतात चौथ्या आठवड्यात. पाळी चुकली की काय, हे बाई बोटांवर मोजत असते, तेव्हा.