‘तेत्सुवान आतोमु’ : जपानी चित्रकथेतील एका यंत्रबालकाचे स्वरूप

अतिमानवी सामर्थ्याचा नायक म्हटला की डोळ्यांसमोर येतो तो बहुधा अमेरिकन चित्रकथांतील पुरुष : प्रौढ, पीळदार देहाचा, स्वतःचे खरे नाव लपवून वावरणारा आणि आपल्या शक्तीविषयी निःशंक. जपानी चित्रकथेने, म्हणजे ज्याला तेथे ‘मांगा’ म्हणतात त्या वाङ्मयप्रकाराने, या कल्पनेला जे उत्तर दिले ते अगदी वेगळ्या घडणीचे आहे. ओसामु तेझुका (१९२८–१९८९) यांचा ‘तेत्सुवान आतोमु’, म्हणजे लोखंडी बाहूंचा अणू, हा एक शाळकरी मुलगा आहे. तो यंत्र आहे, त्याची एकदा विक्री झालेली आहे आणि तो कधीही मोठा होणार नाही. इंग्रजी जगात त्याला ‘अॅस्ट्रो बॉय’ या नावाने ओळखतात. त्याच्या एक लक्ष अश्वशक्तीची चर्चा पुष्कळ होते. परंतु ही शक्ती ज्याच्या अंगी आहे त्याला कायद्याच्या दृष्टीने कोणते स्थान आहे, हा प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहिला आहे. वस्तुतः या कथामालेचा सारा गाभा त्या प्रश्नातच आहे.

आतोमुचा जन्म दोन टप्प्यांत झाला. ‘शोनेन’ या मुलांच्या मासिकात एप्रिल १९५१ पासून मार्च १९५२ पर्यंत ‘आतोमु ताइशी’, म्हणजे ‘राजदूत आतोमु’, ही कथा क्रमशः प्रसिद्ध झाली. तीत आतोमु हे दुय्यम पात्र होते. त्याला मध्यवर्ती करून मानवी भावभावना द्याव्यात, ही सूचना संपादकांकडून आली. तदनुसार एप्रिल १९५२ पासून ‘तेत्सुवान आतोमु’ ही स्वतंत्र मालिका सुरू झाली आणि ती १९६८ पर्यंत चालली.

ही पहिली कथा आज कमी वाचली जाते, पण तिच्यावाचून पुढील आतोमु नीटसा समजत नाही. नष्ट झालेल्या एका ग्रहावरील माणसे अवकाशात भटकत पृथ्वीवर येतात. ती पृथ्वीवरील माणसांची हुबेहूब प्रतिरूपे असतात. प्रत्येकाला आपला जुळा भेटतो, आणि आरंभी या पाहुण्यांचे स्वागतही होते. पुढे अन्नाची टंचाई भासू लागते, तसे हे जुळे परके वाटू लागतात, आणि त्यांचा नायनाट करण्याचे बेत शिजतात. दोन्ही पक्षांना सारखाच परका आणि म्हणूनच दोघांनाही चालण्याजोगा असा एकच जण असतो, तो आतोमु. तो राजदूत म्हणून जातो आणि विश्वासाची खूण म्हणून स्वतःचे शिर काढून देतो. १९४५ नंतर साठ लाखांहून अधिक जपानी माणसे वसाहतींतून व रणक्षेत्रांतून मायदेशी परतली होती आणि तेथे त्या वर्षांत अन्नाचा तीव्र तुटवडा होता. हे लक्षात घेतले म्हणजे ‘परत आलेले आपलेच लोक जड होतात’ ही कल्पना केवळ अद्भुतरम्य राहत नाही. तेझुका यांनी स्वतः एक आठवण सांगितली आहे : परकीय सैन्य जपानात असताना एका मद्यधुंद अमेरिकन सैनिकाने त्यांना मारले, कारण एकाचे बोलणे दुसऱ्याला समजत नव्हते. परस्परांना न समजणाऱ्या दोन समूहांमध्ये उभा असलेला मध्यस्थ हा त्यांच्या लेखनाचा कायमचा विषय होण्यामागे हा प्रसंग होता असे मानण्यास आधार आहे.

मुख्य मालिकेतील आतोमुची जन्मकथा करुण आहे. विज्ञानखात्याचे प्रमुख डॉक्टर तेन्मा यांचा मुलगा तोबिओ वाहनाच्या अपघातात मरण पावतो. शोकाने भ्रमिष्ट झालेला पिता खात्याची सारी साधने वापरून मुलाची प्रतिकृती तयार करतो. काही काळ तो समाधानात राहतो. मग त्याच्या ध्यानी येते की हा मुलगा वाढत नाही. तो चिडतो आणि त्याला सर्कशीला विकून टाकतो. तेथे यंत्रमानवांना परस्परांशी झुंजवून प्रेक्षकांचे मनोरंजन करीत असतात. तेन्मांनंतर त्या पदावर आलेले प्राध्यापक ओचानोमिझु आतोमुची सुटका करतात, त्याला शाळेत घालतात, त्याच्यासाठी यंत्राचेच आईवडील घडवतात, आणि पुढे उरान नावाची धाकटी बहीणही येते. या कथेची तुलना लाकडी बाहुल्याच्या सुप्रसिद्ध इटालियन कथेशी नेहमी केली जाते. ती तुलना अर्ध्यावरच थांबते. लाकडी बाहुला सद्वर्तनाच्या बळावर अखेर खरा मुलगा होतो. आतोमु कितीही सद्वर्तनी असला तरी त्याला ते द्वार बंद आहे. तो पहिल्या दिवसापासून सद्गुणी आहे, आणि त्याला नाकारणाऱ्या पित्याची तक्रार त्याच्या वर्तनाविषयी नव्हतीच मुळी.

आतोमुच्या सात शक्तींची यादी जपानी मुलांना तोंडपाठ असे. एक लक्ष अश्वशक्तीचे बळ, पायांतील झोतयंत्रांनी उड्डाण, साठ भाषांचे ज्ञान, सहस्रपट तीक्ष्ण श्रवण, प्रकाशझोत टाकणारे डोळे आणि कमरेच्या मागील बाजूस दडवलेली यांत्रिक बंदूक. या शेवटच्या शस्त्राच्या जागेवरून तेझुका यांना गांभीर्याचा कंटाळा किती लवकर येई हे दिसतेच! सातवी शक्ती मात्र निराळी आहे. माणूस सज्जन की दुर्जन हे आतोमुला ओळखता येते. ही शक्ती इतर सहांपेक्षा मोठी. तरीही कथांत तिचा उपयोग होतो त्यापेक्षा तिच्यामुळे अडचणच अधिक होते. कारण ज्यांच्या आज्ञेत राहायचे ते दुर्जन आहेत हे कळूनही यंत्राला त्यांची आज्ञा मोडण्याची मुभा नसते.

येथे कायद्याचा प्रश्न उभा राहतो. ‘रोबॉट’ हा शब्द कारेल चापेक यांच्या १९२० च्या नाटकातून जगात पसरला आणि त्याच्या मुळाशी वेठबिगारीचा अर्थ आहे. आयझॅक असिमोव्ह यांनी १९४२ मध्ये यंत्रमानवांचे तीन नियम मांडले. ते यंत्राच्या मेंदूतच रचलेले असतात, अभियंत्याने घातलेले असतात, आणि त्यांच्यातील संघर्ष हा बहुतांशी तर्कशास्त्राचा असतो. तेझुका यांचे यंत्रमानवविषयक कायदे या जातीचे नाहीत. ते राज्यसंस्थेने केलेले निर्बंध आहेत. यंत्राने माणसाला इजा करू नये किंवा मारू नये, हे कलम दोघांकडेही आढळते. परंतु यंत्राने परवानगीवाचून देश सोडू नये, ज्याने घडवले त्याला पिता म्हणावे, पुरुषरूप यंत्राने स्त्रीरूप अथवा स्त्रीरूपाने पुरुषरूप घेऊ नये, ही कलमे कोणत्याही अभियंत्याला सुचण्यासारखी नाहीत. ती सुचतात ती नोंदवह्या, परवाने आणि वंशभेद यांचा अनुभव असलेल्या समाजाला. असिमोव्ह यांच्या कथेत नियम मोडला तर यंत्र बिघडले असे म्हणतात. तेझुका यांच्या कथेत नियम मोडला तर यंत्र गुन्हेगार ठरते. जो गुन्हेगार ठरू शकतो तो व्यक्ती असतो, ही गोष्ट कथेतील कायदेकर्त्यांच्या लक्षात येत नाही, पण वाचकाच्या येते.

१९६५–६६ मधील ‘निळा सरदार’ या कथेत हा प्रश्न टोकाला जातो. माणसांच्या जुलुमाविरुद्ध उठलेला एक यंत्रमानव आपल्या जातीचे स्वतंत्र राष्ट्र स्थापू पाहतो, आणि इतकी वर्षे माणसांची बाजू राखणारा आतोमु त्याच्या पक्षाला जाऊन मिळतो. समजूतदार मुलाने घर सोडावे तसा हा प्रसंग आहे. मालिकेच्या चाहत्यांना तो रुचणे कठीणच होते. तथापि पहिल्या कथेतील राजदूत ज्या पेचात सापडला होता त्याचेच हे तर्कशुद्ध पर्यवसान आहे.

त्याआधीची, १९६४–६५ मधील ‘पृथ्वीवरील सर्वांत मोठा यंत्रमानव’ ही कथा सर्वांत लोकप्रिय ठरली. एक पदच्युत सुलतान प्लुटो नावाचा प्रचंड यंत्रमानव घडवून घेतो आणि जगातील सात श्रेष्ठ यंत्रमानवांना एकेक करून नष्ट करण्याची त्याला आज्ञा देतो. स्वित्झर्लंडचा माँ ब्लां, स्कॉटलंडचा नॉर्थ क्रमांक दोन, तुर्कस्तानचा ब्रांडो, जर्मनीचा गेझिख्त, ग्रीसचा हरक्युलिस, ऑस्ट्रेलियाचा एप्सिलॉन आणि जपानचा आतोमु, असे ते सात. वरवर पाहता ही कुस्त्यांची दंगल आहे, आणि मुलांनी ती तशीच वाचली. परंतु प्लुटो दुष्ट नाही, तो आज्ञाधारक आहे. मरणाऱ्यांशी त्याचे वैर नाही. आतोमु आपली शक्ती दहा लक्ष अश्वशक्तीपर्यंत वाढवून मागतो. ओचानोमिझु ते नाकारतात. ती वाढवून देतो तो तेन्मा, म्हणजे त्याला विकणारा बाप. ज्याला मुलगा हवा होता त्याने अखेरीस शस्त्र घडवावे आणि ज्याने यंत्राला मुलासारखे वागविले त्याने शस्त्राला नकार द्यावा, ही रचना त्या वेळच्या शस्त्रस्पर्धेविषयी पुष्कळ सांगून जाते. शेवटी आसो ज्वालामुखीच्या परिसरात प्लुटो आतोमुला साहाय्य करतो आणि आपल्याहून बलाढ्य अशा बोरा या यंत्रासह स्वतःचा नाश करून घेतो. विजेता कोणीच उरत नाही.

नावामुळे आतोमुवर एक ओझे पडले. भावाचे नाव कोबाल्त, बहिणीचे उरान, आणि स्वतः अणुशक्तीवर चालणारा. हिरोशिमा व नागासाकी येथील संहारानंतर सहा वर्षांच्या आत जपानी मुलांच्या नायकाला हे नाव मिळावे, याचा अर्थ ‘शांततेसाठी अणू’ या घोषणेचा प्रचार असा अनेकांनी लावला. कालक्रम या अर्थाच्या विरुद्ध आहे. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांचे त्या विषयावरील भाषण डिसेंबर १९५३ मधील. जपानचा अणुशक्तीविषयक मूलभूत कायदा १९५५ चा. आतोमु या दोहोंच्या आधीचा आहे. पुढे त्याचा उपयोग विज्ञानाच्या उज्ज्वल भवितव्याचे प्रतीक म्हणून झाला हे खरे. पण आपल्याला विज्ञानाचा गोडवा गाणारा लेखक समजले जाते याविषयी तेझुका यांनी अखेरच्या वर्षांत उघड खंत व्यक्त केली. मूळ कथांत विज्ञानखात्याचा प्रमुखच मुलाला विकतो, हे वाचणाऱ्याला त्या खंतीचे कारण वेगळे सांगावे लागत नाही.

या गैरसमजाला दूरचित्रवाणीचाही हातभार लागला. १ जानेवारी १९६३ ते ३१ डिसेंबर १९६६ या काळात तेझुका यांच्या मुशी प्रॉडक्शन या संस्थेने आतोमुचे १९३ भाग तयार केले. दर आठवड्याला अर्ध्या तासाचे चलच्चित्र देणे त्या वेळी अशक्यप्राय मानले जात असे. म्हणून एकच चित्र तीन चौकटींसाठी वापरणे, स्थिर चित्रावरून कॅमेरा फिरवणे, जुनी चित्रे साठवून पुनः योजणे, अशा काटकसरीच्या युक्त्या रूढ झाल्या, आणि जपानी चलच्चित्रांचे वैशिष्ट्य म्हणून आज ज्याची वाखाणणी होते त्यातील बराच भाग या निकडीतून आला. मेइजी या प्रायोजक कंपनीच्या चॉकलेटांबरोबर आतोमुची चिकटचित्रे मिळत. सप्टेंबर १९६३ पासून अमेरिकेतही ही मालिका दिसू लागली. पडद्यावरचा आतोमु मासिकातल्यापेक्षा साहजिकच अधिक निःशंक झाला. शेवटच्या भागात तो पृथ्वी वाचविण्यासाठी सूर्याकडे झेपावतो. हा हौतात्म्याचा शेवट उदात्त आहे खरा, पण हक्कांचा प्रश्न त्यात विरघळून जातो.

कथेनुसार आतोमुचा जन्म ७ एप्रिल २००३ रोजी झाला. ती तारीख प्रत्यक्ष उजाडली तेव्हा साइतामा प्रांतातील निइझा नगराने त्याला आपला रहिवासी म्हणून विशेष नोंदपत्र दिले. त्याच वर्षी नाओकी उरासावा यांनी प्लुटोची कथा ‘प्लुटो’ याच नावाने नव्याने लिहिण्यास आरंभ केला. ती २००९ मध्ये पूर्ण झाली आणि २०२३ मध्ये तिचे चलच्चित्ररूप आले. उरासावा यांनी कथेचा केंद्रबिंदू हलविला. निवेदन बहुतांशी जर्मन यंत्रमानव गेझिख्त याच्या बाजूने चालते. तेझुका यांच्याकडे थोडक्यात संपणारे हे पात्र येथे गुप्त पोलिस आहे, आणि त्याच्या स्मृतीतून काही भाग पुसून टाकलेला आहे. यंत्र माणसाला मारू शकत नाही या कलमावर सर्व व्यवस्था उभी असताना त्याने एका माणसाला ठार केले होते, तेही दत्तक घेतलेल्या यंत्रबालकाच्या हत्येनंतर.