पांढुर्णा-सौंसरचे उमेदवार आणि पॅलेस्टाइन

मध्य प्रदेश विधानसभेची निवडणूक ९ ऑक्टोबर २०२३ रोजी जाहीर झाली. हमासच्या इस्रायलवरील हल्ल्याला तेव्हा दोनच दिवस झाले होते. त्याच दिवशी काँग्रेस कार्यकारिणीने युद्धबंदीची मागणी करत पॅलेस्टिनींच्या भूमी, स्वशासन आणि सन्मानाने जगण्याच्या हक्काला पाठिंबा दिला. भाजपने त्यावर टीका केली. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ७ ऑक्टोबरलाच इस्रायलला पाठिंबा जाहीर केला होता. तरी स्वतंत्र पॅलेस्टाइनला पाठिंबा देण्याची भारताची जुनी भूमिका कायम असल्याचे परराष्ट्र मंत्रालयाने १२ ऑक्टोबरला सांगितले. मात्र परराष्ट्र धोरण केंद्राच्या अखत्यारीत असल्याने राज्यातील पांढुर्णा किंवा सौंसर मतदारसंघातून निवडून येणाऱ्या आमदाराला त्यात अधिकार नसतो. १७ नोव्हेंबरच्या मतदानात सौंसर आणि पांढुर्णा या दोन्ही जागा काँग्रेसने जिंकल्या. राज्याची सत्ता भाजपकडेच राहिली.