परवान्याचे नवे वतन

घराच्या आतली सजावट करणाऱ्यांनी सरकारी परवाना घेतल्याखेरीज धंदा करू नये, असा कायदा व्हावा काय, हा प्रश्न आपल्या चळवळीच्या व्यासपीठावर कोणी मांडल्याचे माझ्या ऐकिवात नाही. वरवर पाहता तो पुण्या-मुंबईच्या फ्लॅटवाल्यांचा प्रश्न. ज्याच्या घराला धड भिंत नाही त्याला भिंतीच्या रंगसंगतीशी काय कर्तव्य, असे एका कार्यकर्त्या मित्राने मला विचारलेही. पण धंद्यात कोणी यायचे आणि कोणी यायचे नाही हे ठरविण्याचा अधिकार कोणाकडे असावा, हा या प्रश्नाचा गाभा आहे, आणि तो आपल्याला मुळीच परका नाही.

आधी कायद्याची स्थिती पाहू. आपल्या देशात आर्किटेक्टसाठी १९७२ चा कायदा आहे. त्याखाली वास्तुशास्त्र परिषद स्थापन झाली, नोंदणी सुरू झाली. इंटिरिअर डिझायनरसाठी असा कायदा नाही. त्यांची जी मोठी संस्था आहे तीही १९७२ सालचीच, पण ती सभासदांची संस्था आहे. तिचा सभासद नसलेल्याला काम करण्यास मनाई नाही. (१९७२ साल आपल्या लक्षात आहे ते दलित पँथरमुळे. त्याच वर्षी दुसरीकडे कोणत्या नोंदवह्या उघडत होत्या, इकडे आपले लक्ष नव्हते, आणि ते स्वाभाविकच होते.) सजावटीच्या धंद्यालाही परिषद हवी, नोंदणी हवी, ‘कोणीही उठतो आणि डिझायनर होतो’ हे थांबले पाहिजे, असा सूर मात्र या व्यवसायातून अधूनमधून उमटत असतो.

येथे एक भेद नीट समजून घेतला पाहिजे. पदवीनामाचे संरक्षण वेगळे आणि कामाची मक्तेदारी वेगळी. १९७२ च्या कायद्याचे ३७ वे कलम नोंदणी नसलेल्याने स्वतःला ‘आर्किटेक्ट’ म्हणवून घेण्यास बंदी करते. पण नोंदणी नसलेल्याने ते कामच करू नये असे ते म्हणते काय? हा वाद नोएडातील काही पदांच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मार्च २०२० मध्ये न्यायालयाने सांगितले की बंदी नावापुरती आहे, कामाला नाही. म्हणजे आर्किटेक्टसारख्या, इमारतीच्या रचनेशी थेट संबंध असलेल्या व्यवसायातही आपल्या संसदेने कामाची मक्तेदारी दिलेली नाही. मग पडदे, कपाटे, छत आणि रंग यांच्यासाठी ती मागणे हे कितपत सयुक्तिक आहे?

मी वेल्हे तालुक्यातला. सरकारदरबारी या तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे. राजगड, तोरणा पाहायला येणारे लोक आमच्याकडे पावसाळ्यात येतात. आमची पोरे बारा महिने उलट दिशेने जातात. मार्गासनी, नसरापूर, तेथून पुण्याचा रस्ता. भात एका हंगामाचा, तोही ज्याला जमीन आहे त्याचा. आमच्या वस्तीतले बरेच जण धायरी-सिंहगड रस्त्याच्या बाजूला रंगकाम, पीओपी, फरशी आणि फर्निचरच्या कामावर आहेत. माझे वडीलही रंगारी होते. डबा घासणे, पुट्टी मारणे येथपासून सुरुवात; पुढे पॉलिश, मग स्वतःची दोन माणसे. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. माझी फी त्या पुट्टीतून गेली.

या धंद्यात वर चढण्याची वाट कशी आहे ते पाहण्यासारखे आहे. पोरगा आधी हेल्पर होतो. चार-पाच वर्षांत कारागीर होतो. मग एखादा फ्लॅटवाला त्यालाच विचारतो, ‘स्वयंपाकघराचे कसे करूया?’ तो वहीच्या पानावर आकृती काढून दाखवतो, प्लायचा हिशेब सांगतो, ओट्याची उंची घरातल्या बाईच्या उंचीला धरून ठेवतो. त्या क्षणी तो डिझायनर झालेला असतो. त्याला कोणी तसे म्हणत नाही, मजुरीही डिझायनरची मिळत नाही, पण काम तेच असते. परवान्याचा कायदा आला तर पहिला घाव बसेल तो याच पायरीवर. हातोडी मारायला परवाना लागणार नाही. हातोडी कोठे मारायची हे सांगायला लागेल. म्हणजे हात एका बाजूला आणि डोके दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी कायद्यानेच करून टाकायची.

ही वाटणी आपण ओळखतो. जातिव्यवस्था ही केवळ श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले. बलुतेदारीत सुताराचे काम सुताराने, लोहाराचे लोहाराने करायचे; आणि महाराच्या वाट्याला हुन्नर नव्हेच, तर गावची चाकरी. आमचा भाग बराचसा भोर संस्थानचा, पंतसचिवांचा. भोरच्या राजवाड्यातील लाकडी खांब आणि कोरीव काम पाहताना मला नेहमी वाटते, ही लाकडे वाहून कोणी आणली असतील आणि रंधा धरण्याचा अधिकार कोणाला होता? वतन हा जन्माने मिळणारा परवानाच होता, आणि महारकीच्या बाबतीत तो परवाना नसून वेठ होती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. ती वतने कायद्याने नष्ट व्हायला १९५८ चा कायदा यावा लागला. पुण्याच्या बाजारात रंगाचा ब्रश कोणीही उचलू शकतो, ही आपल्याला त्यानंतरच्या काळात मिळालेली साधी वाटणारी सवलत आहे.

आता आपल्यातूनच येणारा आक्षेप. ‘सर, जन्माऐवजी प्रमाणपत्र आले तर चांगलेच की. बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितले. आपली मुले पदवी घेतील, परवाना मिळवतील, मग मिस्त्रीच्या नात्यागोत्यावर काम अवलंबून राहणार नाही.’ माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीने हा मुद्दा मांडला आणि तो हलका नाही. नाक्यावर आडनाव विचारले जाते. बाजार जातीविना चालतो असे मानणाऱ्यांपैकी मी नाही, आणि खुल्या बाजाराचे गोडवे गाणे हे माझे काम नव्हे. जो शिकू शकतो त्याने जरूर शिकावे. आयटीआयमध्ये अंतर्गत सजावटीचा अभ्यासक्रम आहे, मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात आहे. पण शिक्षण हे पुढे जाण्याचे साधन असणे आणि शिक्षण नसलेल्याला कामावरून उठविण्याचे हत्यार असणे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आरक्षण प्रवेशाच्या जागेला मिळते, नोकरीला मिळते. गिऱ्हाइकाला आरक्षण नसते. आणि पंचेचाळीस वर्षांच्या कारागिराने चार वर्षे महाविद्यालयात बसायचे तर घरी चूल कोणी पेटवायची?

कायदा तटस्थ दिसूनही कसा काम करतो याचे उदाहरण दक्षिण आफ्रिकेत आहे. तेथील १९२२ च्या उमेदवारी कायद्याने कुशल धंद्यात उमेदवार म्हणून शिरायला शालेय शिक्षणाची अट घातली. काळ्या मुलांना तेवढी शाळा उपलब्धच नव्हती, त्यामुळे रंगभेदाचा शब्द न उच्चारता कुशल धंदे गोऱ्यांकडे राहिले. अमेरिकेत तर नेमका सजावटीचाच धंदा या फेऱ्यात सापडला. फ्लोरिडा राज्याने १९८८ मध्ये ‘इंटिरिअर डिझायनर’ या नावावर आणि १९९४ मध्ये प्रत्यक्ष कामावर परवान्याचे बंधन घातले. शिक्षण आणि अनुभव मिळून सहा वर्षे, शिवाय परीक्षा. २००९ मध्ये हॅरिंग्टन आणि ट्रेबर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी दाखवले की या धंद्यातील कृष्णवर्णीय व लॅटिनवंशीयांकडे महाविद्यालयीन पदवी असण्याचे प्रमाण गोऱ्यांपेक्षा जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी आहे; म्हणजे पदवीची अट कोणाला लागणार हे उघड होते. (हा अभ्यास परवान्यांविरुद्ध खटले लढवणाऱ्या संस्थेने प्रसिद्ध केला होता, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.) अलाबामातील कायदा तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये रद्द केला. फ्लोरिडाने २०२० मध्ये परवान्याची सक्ती स्वतःच काढून टाकली आणि नोंदणी ऐच्छिक ठेवली.

पण सुरक्षिततेचे काय? हा आक्षेप टाळून चालणार नाही. चुकीची भिंत फोडली तर इमारत खचते, तारांवर जास्त भार टाकला तर आग लागते. खरे आहे. म्हणूनच वीजजोडणीसाठी तारतंत्र्याचा परवाना आहे, आणि तो असावा. वीज चुकीला क्षमा करीत नाही. इमारतीच्या रचनेला हात लावायचा तर नियोजन प्राधिकरणाची परवानगी लागते. आगीसाठी महाराष्ट्राचा २००६ चा अग्निप्रतिबंधक कायदा आहे. धोका ज्या कामात आहे त्या कामावर बंधन घालावे, ते तपासावे, मोडणाऱ्याला शिक्षा करावी. कपाटाचा रंग आणि सोफ्याची जागा हे सगळे एकाच परवान्यात गुंडाळण्याचे कारण सुरक्षिततेत सापडत नाही. गिऱ्हाइकाला कपाट आवडले नाही तर ते त्याला दिसते. तो पैसे अडवून धरतो, आणि कसे धरतो ते आमच्या पोरांना विचारा.

खरा धोका कोणाच्या अंगावर आहे याचीही चर्चा व्हावी. एमडीएफ कापताना उडणारा भुगा, पॉलिशच्या फवाऱ्याचा वास, पाडावरून पडणे, हे सगळे कामगाराच्या वाट्याचे. परवान्याच्या मागणीत त्याचा उल्लेख मला दिसत नाही.

‘जुन्या लोकांना अनुभवावर नोंदणी देऊ,’ असे आश्वासन अशा वेळी दिले जाते. ते १९७२ च्या कायद्यातही होते: पदवी नसली तरी आधीची पाच वर्षे आर्किटेक्ट म्हणून व्यवसाय केलेल्याला नोंदणीची वाट २५ व्या कलमाने ठेवली होती. पण पाच वर्षे सिद्ध करायची कशी? ज्याचे कार्यालय, पत्रव्यवहार, नकाशे आणि पावत्या आहेत त्याने. आमच्या कारागिराचा हिशेब प्लायच्या तुकड्यावर पेन्सिलीने लिहिलेला असतो आणि तो तुकडा कपाटाच्या पाठीमागे खिळ्याने ठोकला गेलेला असतो. बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळात नाव घालण्यासाठी मागच्या वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागत आला आहे. ती नोंदणी लाभासाठी, कोणाला धंद्यातून उठविण्यासाठी नव्हे. तरीही ठेकेदार सही देत नाही म्हणून वस्तीतली किती माणसे फॉर्म घेऊन हिंडताना मी पाहिली आहेत. माझ्याच एका नातलगाला तीन वर्षे काम केलेल्या ठेकेदाराने ‘तुला मी ओळखत नाही’ असे सांगितले. ९० दिवसांच्या दाखल्याची ही गत, तर पाच किंवा दहा वर्षांचा कोठून आणायचा?

म्हणून या धंद्यासाठी एखादे विधेयक किंवा मसुदा हरकतींसाठी समोर आला, तर उद्देशिकेतले ‘दर्जा’ आणि ‘ग्राहकहित’ हे शब्द वाचून थांबू नये. तीन ठिकाणे पाहावीत. बंदी नावावर आहे की कामावर, हे व्याख्येच्या कलमात कळेल. परिषदेवर कोण बसणार हे रचनेच्या कलमात. १९७२ च्या कायद्यात आर्किटेक्टांच्या संस्थेने निवडून दिलेले पाच सभासद आहेत, कारागिरांनी निवडून दिलेला एकही नाही. आणि अनुभवाचा पुरावा म्हणून काय चालेल, हे बहुधा शेवटी, ‘विहित करण्यात येईल त्याप्रमाणे’ अशा शब्दांत दडवलेले असते. हरकत लिहायची ती या तिसऱ्या जागेवर, आणि लिहिताना मार्गासनीच्या फाट्यावर सकाळी सहाला गाडीची वाट पाहणाऱ्या दोघा-तिघांना बरोबर बसवून लिहावी. त्यांच्याकडे कोणता कागद आहे आणि कोणता नाही, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.